विद्युत गिटारचा अनुक्रमांक

विद्युत गिटारचा अनुक्रमांक म्हणजे निर्मात्याने गिटारवर कोरलेला, ठसवलेला किंवा छापलेला ओळखक्रमांक होय. तो बहुधा ब्रिजच्या पत्र्यावर, मान व धड जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर (नेकप्लेट) किंवा हेडस्टॉकच्या पुढील वा मागील बाजूस आढळतो. या क्रमांकावरून गिटार कोणत्या वर्षी, काही वेळा कोणत्या दिवशी व कोणत्या कारखान्यात तयार झाली, याचा निष्कर्ष काढता येतो. मात्र बहुतेक निर्मात्यांनी आपली क्रमांकपद्धती वेळोवेळी बदलली आहे, काहींनी तेच क्रमांक पुन्हा वापरले आहेत, तर काहींच्या आरंभीच्या क्रमांकांत वर्षाचा उल्लेखच नाही. त्यामुळे अनुक्रमांक हा कालनिश्चितीचा एकमेव पुरावा मानला जात नाही. सुट्या भागांवरील तारखा आणि रचनेतील बदल यांच्याशी तो पडताळून पाहावा लागतो.

उद्देश आणि महत्त्व

अनुक्रमांकाची प्रथा कारखान्याच्या हिशेबासाठी सुरू झाली. माल किती बनला व कोठे गेला, हमीच्या मुदतीत परत आलेले वाद्य आपलेच आहे की नाही, हे निर्मात्याला कळावे एवढाच तिचा मूळ हेतू होता. १९५० च्या दशकात विद्युत गिटार हे नव्या धर्तीचे व्यावहारिक वाद्य होते आणि पुढे तिचा संग्रह केला जाईल अशी कल्पना निर्मात्यांना नव्हती. या काळातील क्रमांकांत आढळणाऱ्या विसंगतींचे हे मुख्य कारण होय.

कालनिश्चितीला आज आर्थिक, कायदेशीर व ऐतिहासिक असे तिहेरी महत्त्व आहे. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० या काळातील सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारींना लाखो डॉलर किंमत येते, तर त्याच कंपनीने त्याच नमुन्यावर नंतर बनवलेल्या प्रतिकृती त्याच्या अल्प अंशात मिळतात. दोन्ही गिटारी दुरून सारख्याच दिसत असल्याने वर्ष ठरवण्यातील चूक खरेदीदाराला फार महाग पडू शकते. चोरीस गेलेले वाद्य ओळखण्यासाठी व विमा उतरवण्यासाठीही अनुक्रमांकाची नोंद उपयोगी पडते.

कायदेशीर बाजू लाकडाशी संबंधित आहे. जुन्या गिटारींच्या फिंगरबोर्डसाठी ब्राझिलियन शिसव वापरला जात असे. धोक्यातील वन्य जीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या साइट्स करारात १९९२ मध्ये या वृक्षाचा समावेश सर्वाधिक निर्बंध असलेल्या पहिल्या परिशिष्टात झाला. असा फिंगरबोर्ड असलेली गिटार देशाबाहेर नेताना किंवा विकताना ती निर्बंधांपूर्वीची असल्याचे दाखवावे लागते आणि तेथे निर्मितीचे वर्ष निर्णायक ठरते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी निर्माते भारतीय शिसवाकडे वळले. सह्याद्रीत व दक्षिण भारतात वाढणारा हा वृक्ष २०१७ पासून कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मात्र २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्या निर्बंधांतून सूट देण्यात आली.

फेंडर

लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील फुलरटन येथील कारखान्यात १९५० पासून एस्क्वायर व ब्रॉडकास्टर या गिटारी बनू लागल्या. ब्रॉडकास्टरलाच १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव मिळाले. या गिटारींचा क्रमांक ब्रिजच्या पत्र्यावर ठोकलेला असे. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. तिच्या आरंभीच्या काही नमुन्यांवर क्रमांक पाठीमागच्या प्लास्टिकच्या झाकणावर आढळतो. त्यानंतर लवकरच सर्वच नमुन्यांचे क्रमांक मानेच्या पट्टीवर येऊ लागले.

या पट्ट्यांवर क्रमांक आधीच ठोकून त्या डब्यात ठेवलेल्या असत. जुळणी करणारा कामगार हाताला येईल ती पट्टी उचलून गिटारला बसवी. त्यामुळे लहान क्रमांकाची गिटार मोठ्या क्रमांकाच्या गिटारनंतर बनलेली असू शकते. म्हणून या काळातील क्रमांकावरून नेमके वर्ष न सांगता दोन-तीन वर्षांचा पल्ला सांगितला जातो.

१९६३ च्या सुमारास क्रमांकाआधी ‘एल’ हे अक्षर येऊ लागले. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्या वर्षीपासून पट्टीवर क्रमांकाबरोबर मोठे ‘एफ’ हे बोधाक्षर दिसू लागले आणि ही पद्धत १९७६ पर्यंत टिकली. ‘एल’ मालिका व ‘एफ’ पट्टी यांच्यातील सीमारेषा संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते, कारण सीबीएसपूर्व गिटारींना अधिक किंमत येते.

१९७६ मध्ये क्रमांक हेडस्टॉकवर हलवण्यात आला आणि त्यात प्रथमच वर्षाचा संकेत आला. अमेरिकेत बनलेल्या सर्वसाधारण गिटारींसाठी पहिले अक्षर दशक दाखवते आणि त्यानंतरचा अंक त्या दशकातील वर्ष दाखवतो:

• एस : १९७० चे दशक. उदाहरणार्थ, ‘एस ८’ म्हणजे १९७८.
• ई : १९८० चे दशक. ‘ई ३’ म्हणजे १९८३.
• एन : १९९० चे दशक. ‘एन ५’ म्हणजे १९९५.
• झेड : २००० ते २००९. ‘झेड ४’ म्हणजे २००४.
• यूएस : २०१० पासून. या अक्षरांपुढे वर्षाचे दोन अंक येतात, जसे ‘यूएस १२’ म्हणजे २०१२.

ही पद्धत सोपी दिसत असली तरी तिला अपवाद आहेत. क्रमांकाचे छापे आधीच तयार करून ठेवले जात आणि उरलेले छापे पुढील वर्षी वापरले जात. याचे ठळक उदाहरण ‘ई ४’ मालिकेचे आहे. १९८५ मध्ये सीबीएसकडून कंपनी तिच्या व्यवस्थापकांच्या व गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेली. त्या व्यवहारात फुलरटनचा कारखाना समाविष्ट नव्हता. पुढे कोरोना येथे नवे उत्पादन सुरू झाले, तेव्हा शिल्लक राहिलेले ‘ई ४’ छापे वापरले गेले. परिणामी ‘ई ४’ क्रमांक असलेली गिटार १९८४ ची असू शकते, तशीच १९८७ चीही असू शकते. १९९० मध्ये छपाईतील चुकीमुळे ‘एन ०’ ऐवजी ‘एन ९’ असे छापे तयार झाले. त्यामुळे ‘एन ९’ वाचून १९९९ असा निष्कर्ष काढण्याआधी मानेवरील तारीख पाहणे आवश्यक ठरते.

जुन्या नमुन्यांच्या अमेरिकी प्रतिकृतींवर १९८२ पासून ‘व्ही’ हे अक्षर येते. त्यापुढील अंकांत वर्षाचा संकेत नसतो. मेक्सिकोतील एन्सेनाडा येथील कारखान्याच्या गिटारींवर ‘एम’ने सुरू होणारे क्रमांक असतात. ‘एमएन’ म्हणजे १९९० चे दशक, ‘एमझेड’ म्हणजे २००० चे दशक आणि ‘एमएक्स’ म्हणजे २०१० पासूनचा काळ. जपानमध्ये १९८२ पासून फुजीजेन कारखान्यात बनलेल्या आरंभीच्या गिटारींवर ‘जेव्ही’ ही अक्षरे आहेत. या गिटारींनाही आज संग्राहकांत मागणी आहे.

गिब्सन

गिब्सनची पहिली घन धडाची विद्युत गिटार म्हणजे १९५२ मधील लेस पॉल होय. त्या वर्षीच्या गिटारींवर सामान्यतः अनुक्रमांक नाही. १९५३ ते १९६१ या काळात घन धडाच्या गिटारींच्या हेडस्टॉकमागे शाईने क्रमांक उमटवला जाई. त्यातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असे आणि त्यानंतर थोडी जागा सोडून उत्पादनक्रम येई. ‘९’ने सुरू होणारा असा क्रमांक १९५९ दर्शवतो.

१९६१ मध्ये शाईऐवजी लाकडात दाबून ठसवलेले क्रमांक आले आणि वर्षाचा संकेत नाहीसा झाला. १९६० च्या दशकातील हे क्रमांक कालनिश्चितीसाठी सर्वांत गोंधळाचे मानले जातात, कारण तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा वापरले गेले. १,००,००० च्या पुढील काही क्रमांक १९६३ च्या गिटारींवर आढळतात, तसेच १९६७ च्या गिटारींवरही आढळतात. १९७० ते १९७५ या काळातही सहा अंकी क्रमांकांची पुनरावृत्ती झाली. अशा वेळी रचनेतील बदल उपयोगी पडतात. १९६५ च्या सुमारास मानेची वरच्या टोकाची रुंदी कमी झाली आणि हेडस्टॉकचा मागे झुकलेला कोन १७ अंशांवरून १४ अंशांवर आला. १९७० पासून क्रमांकाखाली ‘मेड इन यूएसए’ असा ठसा दिसतो. १९७० च्या सुमारास मान व हेडस्टॉक यांच्या सांध्यामागे बळकटीसाठी उंचवटा ठेवण्यास सुरुवात झाली. तो १९८० च्या दशकाच्या आरंभी नाहीसा झाला.

१९७५ ते १९७७ या अल्प काळात क्रमांक छाप्याच्या स्वरूपात होता. ‘९९’ने सुरू होणारा क्रमांक १९७५, ‘००’ने सुरू होणारा १९७६ आणि ‘०६’ने सुरू होणारा १९७७ दर्शवतो.

१९७७ मध्ये गिब्सनने आठ अंकी पद्धत स्वीकारली. तिच्यात पहिला व पाचवा अंक मिळून वर्ष होते, दुसरा ते चौथा अंक वर्षातील कितवा दिवस हे सांगतात आणि शेवटचे तीन अंक त्या दिवशीचा क्रम व कारखाना दाखवतात. १९८४ मध्ये मिशिगन राज्यातील कलामाझू येथील जुना कारखाना बंद होईपर्यंत ००१ ते ४९९ हे क्रम कलामाझूचे आणि ५०० ते ९९९ हे टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचे होते.

उदाहरणादाखल ८२००३५१२ हा क्रमांक घेता येईल. पहिला अंक ८ आणि पाचवा अंक ३, म्हणून वर्ष १९८३. मधले अंक २००, म्हणजे वर्षाचा दोनशेवा दिवस. १९८३ हे लीप वर्ष नसल्याने हा दिवस १९ जुलै येतो. पुढील वर्ष लीप असल्याने त्या वर्षी हाच दोनशेवा दिवस १८ जुलै ठरतो. शेवटचे अंक ५१२ असल्याने गिटार नॅशव्हिल येथील असून त्या दिवशी क्रमांक ठसवलेल्यांपैकी बारावी आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही तारीख क्रमांक ठसवण्याची आहे. रंगकाम, जुळणी व तपासणी त्यानंतर होत असल्याने गिटार कारखान्याबाहेर त्यानंतर पडते.

२००५ च्या मध्यापासून या रचनेत आणखी एक अंक मिळवून क्रमांक नऊ अंकी करण्यात आला. मधल्या काळात काही अपवादही झाले. १९९४ मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त अनेक गिटारींचे क्रमांक ‘९४’ने सुरू केले गेले आणि २०१४ मध्ये आरंभी ‘१४’ हे अंक ठेवले गेले. या क्रमांकांना नेहमीचा नियम लावल्यास चुकीची तारीख मिळते.

गिब्सनच्या कस्टम विभागातील प्रतिकृतींचे क्रमांक विशेष काळजीने वाचावे लागतात. त्यांतील पहिला अंक मूळ नमुन्याचे वर्ष दाखवतो आणि दुसरा अंक प्रत्यक्ष निर्मितीचे वर्ष दाखवतो. १९५९ च्या नमुन्याची २००३ मध्ये बनलेली प्रतिकृती त्यामुळे ‘९’ व त्यापुढे ‘३’ अशा अंकांनी सुरू होते. जुन्या क्रमांकाची शैली मुद्दाम राखलेली असल्याने अनभिज्ञ व्यक्तीला ती १९५९ ची मूळ गिटार वाटू शकते.

इतर निर्माते

आयबानेझ : या जपानी नाममुद्रेच्या फुजीजेन कारखान्यात बनलेल्या गिटारींवर १९७५ च्या अखेरीपासून १९८६ पर्यंत एक अक्षर व सहा अंक असत. ‘ए’ ते ‘एल’ ही अक्षरे अनुक्रमे जानेवारी ते डिसेंबर हे महिने दाखवत आणि त्यापुढील दोन अंक वर्ष दाखवत. १९८७ पासून पहिले अक्षर महिन्याऐवजी कारखाना दाखवू लागले आणि फुजीजेनसाठी ‘एफ’ हे अक्षर आले. त्यापुढील एकच अंक वर्षाचा राहिला. म्हणून ‘एफ ८०१२३४’ हा क्रमांक जुन्या पद्धतीने वाचल्यास जून १९८० आणि नव्या पद्धतीने वाचल्यास १९८८ असा अर्थ निघतो. गिटारचा नमुना कोणत्या काळात विक्रीस होता हे पाहूनच यांतील योग्य अर्थ निवडता येतो. १९९७ पासून ‘एफ’नंतर वर्षाचे दोन अंक येऊ लागले.

रिकेनबॅकर : १९६१ ते १९८६ या काळात क्रमांकाआधी दोन अक्षरे असत. पहिले अक्षर वर्षाचे (‘ए’ म्हणजे १९६१, ‘झेड’ म्हणजे १९८६) व दुसरे महिन्याचे. त्यानुसार ‘डीबी’ म्हणजे फेब्रुवारी १९६४.

ग्रेच : १९६६ पासून आरंभीचा एक किंवा दोन अंक महिन्याचे आणि त्यापुढील अंक वर्षाचा अशी पद्धत होती. महिना एका अंकाचा की दोन अंकांचा हे स्पष्ट नसल्याने आरंभी ‘१’ असलेले क्रमांक दोन प्रकारे वाचता येतात. १९७३ च्या सुमारास महिन्यानंतर विभाजकचिन्ह येऊ लागल्याने ही अडचण दूर झाली.

पॉल रीड स्मिथ : १९८५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या जोडमान गिटारींवर पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असे. मात्र त्यापुढील उत्पादनक्रम दरवर्षी नव्याने सुरू न होता चढताच राहिल्याने १९८५ व १९९५ यांत गोंधळ होत नाही. २००८ पासून वर्षासाठी दोन अंक वापरले जातात.

पूरक पुरावे

मानेवरील तारीख : फेंडरच्या गिटारींची मान स्क्रूने धडाला जोडलेली असते. मान काढल्यास तिच्या टोकावर १९५० च्या दशकात पेन्सिलीने लिहिलेली आणि १९६२ पासून रबरी शिक्क्याने उमटवलेली तारीख बहुधा आढळते. अनुक्रमांकापेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय मानला जातो. तरी तो केवळ मान कधी तयार झाली हे सांगतो. मान व धड काही आठवडे वा महिने साठ्यात राहून नंतर जोडले जात.

पोटेन्शिओमीटरचा संकेत : आवाज व स्वर कमी-अधिक करणाऱ्या नियंत्रकांच्या पाठीवर निर्मात्याचा संकेत, वर्ष व आठवडा असे अंक असतात. ३०४ हा स्टॅकपोल या कंपनीचा आणि १३७ हा सीटीएसचा संकेत आहे. ‘३०४६२१८’ याचा अर्थ स्टॅकपोलने १९६२ च्या अठराव्या आठवड्यात बनवलेला नियंत्रक. गिटार त्यापूर्वीची असू शकत नाही, ती नंतरची मात्र असू शकते. फेंडरने १९६६ मध्ये असे नियंत्रक मोठ्या संख्येने खरेदी केल्याने १९६९ पर्यंतच्या गिटारींतही १९६६ चे संकेत सापडतात.

पिकअपवरील मजकूर : गिब्सनच्या हम्बकर पिकअपखाली १९५७ पासून ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ या अर्थाची चिठ्ठी लावली जाई. सेथ लव्हर यांच्या या शोधाला १९५९ मध्ये पेटंट मिळाले, तरी जुन्या चिठ्ठ्या १९६२ च्या सुमारापर्यंत वापरात राहिल्या. त्यानंतर लावलेल्या चिठ्ठ्यांवरील पेटंट क्रमांक पिकअपचा नसून लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीचा आहे.

लेप : जुना नायट्रोसेल्युलोज लेप अतिनील प्रकाशात विशिष्ट हिरवट झाक दाखवतो. नंतर केलेले रंगकाम किंवा दुरुस्त केलेला सांधा त्या प्रकाशात वेगळा दिसतो.

पडताळणीची पद्धत

कालनिश्चिती करताना प्रथम गिटारचा निर्माता, नमुना व देश निश्चित केला जातो, कारण एकाच अंकसमूहाचा अर्थ त्यानुसार बदलतो. त्यानंतर क्रमांक कोठे आहे व कोणत्या तंत्राने उमटवला आहे हे पाहतात. ठसवलेला क्रमांक जेथे अपेक्षित आहे तेथे शाईचा क्रमांक असल्यास ती संशयाची जागा असते. गिब्सनच्या काही गिटारींवर दिसणारा सुटा ‘२’ हा अंक क्रमांकाचा भाग नसून दुय्यम प्रतीच्या मालाची खूण असते. पुढच्या टप्प्यात क्रमांकावरून निघणारी सर्व संभाव्य वर्षे मांडून रचनेच्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी वर्षे वगळली जातात. शेवटी आवश्यकता असल्यास आतील भाग तपासले जातात. मान काढण्यापूर्वी तारा सैल करणे आवश्यक असते. मूळ डाग म्हणजे सोल्डर न उकलण्याची दक्षता घेतली जाते, कारण अखंड मूळ डाग हादेखील अस्सलपणाचा पुरावा असतो.

भागांवरील तारखा परस्परांशी जुळत असतील तर त्यांतील सर्वांत अलीकडची तारीख गिटारची वयोमर्यादा ठरवते. एखादीच तारीख बरीच नंतरची असेल, तर तो भाग बदलला गेल्याची शक्यता विचारात घेतली जाते.

मर्यादा

मानेची पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली असल्याने ती सहज बदलता येते. जुन्या पट्ट्या स्वतंत्रपणेही विकल्या जातात. त्यामुळे केवळ पट्टीवरील क्रमांकावर विसंबून केलेली खरेदी धोक्याची असते. मान बदललेली, पुन्हा रंगवलेली किंवा अनेक गिटारींचे भाग एकत्र करून बनलेली गिटार एका वर्षात बसवता येत नाही. एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही प्रसिद्ध गिटार १९५० च्या दशकातील अनेक स्ट्रॅटोकास्टर गिटारींच्या भागांतून जुळवलेली होती. २००४ मध्ये तिला लिलावात ९,५९,५०० डॉलर किंमत आली. येथे मूल्य क्रमांकावरून नव्हे, तर वादकाशी असलेल्या संबंधावरून ठरले.

अनुक्रमांकाच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरचे आहे. १९५४ च्या या गिटारवर ‘०००१’ हा क्रमांक आहे. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजच्या लिलावात ती १८,१५,००० डॉलरना विकली गेली. तथापि ती पहिली स्ट्रॅटोकास्टर नव्हे. तिच्याहून मोठे क्रमांक असलेल्या काही गिटारी तिच्याआधी तयार झालेल्या आहेत. क्रमांक व निर्मितीचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्यावरून स्पष्ट होते.

हे सुद्धा पहा

• विद्युत गिटार
• फेंडर स्ट्रॅटोकास्टर
• गिब्सन लेस पॉल
• साइट्स करार